इंदू मिलची उंची आणि गावातली जाळी

चैत्यवाट

‘दादरच्या इंदू मिलच्या जागेवर सुमारे १,०९० कोटी रुपये पुतळ्यात घालण्यापेक्षा तिथे रुग्णालय उभारले असते, तर बाबासाहेबांनाही तेच आवडले असते,’ अशा आशयाची एक नोंद परवा वाचली आणि तिच्याखाली डोलणाऱ्या माना पाहून दोन दिवस डोके ठणकत राहिले, म्हणून हा धागा. बाबासाहेबांना काय आवडले असते याची खात्री नेमकी अशाच मंडळींना असते, ज्यांच्या घरात त्यांचे एकही पुस्तक सापडणार नाही.

ही जागा कोणी दान म्हणून दिलेली नाही. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते बंद गिरणीच्या आवारात शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी केंद्राने ती द्यायचे जाहीर केले आणि २०१५ मध्ये भूमिपूजन झाले. आराखड्यात ग्रंथालय, संशोधन केंद्र आणि सभागृह आहे, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. राहिला प्रश्न पुतळ्याच्या चबुतऱ्यासह साडेचारशे फूट उंचीचा. ज्या माणसाला १९२७ साली महाडच्या तळ्यातले ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो अरबी समुद्राच्या काठी साऱ्या शहराला दिसेल एवढा उभा राहणार असेल, तर त्या उंचीचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळतो.

खडू-फळा

आपला राग समजतो, कारण मीही त्याच वस्तीत वाढलो आहे. परंतु आपण वकिली चुकीच्या अशिलाची करीत आहात. जागेसाठी लोक लढले हे खरेच, मात्र साडेचारशे फूट त्या लोकांनी मागितले नव्हते. पुतळ्याची उंची १०० फुटांनी वाढवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२० मध्ये घेतला आणि त्याच महिन्यात, वाडिया रुग्णालयाचे अनुदान रखडले असताना, स्मारकाचा निधी त्या रुग्णालयाला द्या असे सांगणारे गृहस्थ प्रकाश आंबेडकर होते. त्यांच्या घरातही पुस्तके नसतील, असे आपले म्हणणे आहे काय?

राजकारणातली भक्ती ही अधोगतीची आणि अखेरीस हुकूमशाहीची वाट आहे, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. त्यांनी स्वतःसाठी हिंदू कॉलनीत जी वास्तू बांधली, ती पुस्तकांना जागा पुरावी म्हणून. मी २६ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आहे; दर १४ एप्रिलला भाषण पाठ करून येणारी मुले मला संविधानाची प्रत मागतात, आणि शाळेकडे ती एकच आहे, तीही मुख्याध्यापकांच्या कपाटात.

करदाता

दोघांचेही वाचले. मला कोणत्याही जातीच्या पुतळ्याशी वैर नाही, माझे वैर आकाराशी आहे. नर्मदेकाठी सरदारांसाठी १८२ मीटर झाले, शिवस्मारकाचे जलपूजन २०१६ मध्ये झाले आणि समुद्रात अजून काही उभे राहिले नाही, मालवणला राजकोटवर डिसेंबर २०२३ मध्ये बसवलेले महाराज पुढच्या ऑगस्टमध्ये कोसळले. नेता बदलतो, पण उंचीची शर्यत तीच राहते. स्मारक त्या नेत्याचे नसून उद्घाटनाच्या कोनशिलेवर ज्याचे नाव कोरले जाते त्याचे असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

चैत्यवाट

सरदारांचा पुतळा उभा राहिला तेव्हा आपण रुग्णालयाची आठवण काढली होती का, एवढे सांगावे.

करदाता

काढली होती, आणि तेव्हा दुसऱ्या बाजूच्या लोकांनी मला देशद्रोही ठरवले होते. आज जातीयवादी ठरलो. मानाची पदे वाढत चालली आहेत.

ओतशाळा

पोटापाण्यासाठी पुतळे ओततो, म्हणून दोन शब्द. साडेचारशे फुटांच्या पुतळ्याच्या पायथ्याशी उभे राहिलेल्या माणसाला वर हनुवटी आणि कोटाची खालची कड दिसेल. चेहरा पाहायचा तर लांब जावे लागेल, आणि लांबून तो चेहरा राहत नाही, आकार राहतो. कोल्हापूरच्या बिंदू चौकात फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा अर्धपुतळा शेजारी शेजारी आहे. भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेऊन ९ डिसेंबर १९५० रोजी ते बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. तिथे गेलेल्या माणसाला त्या चेहऱ्यापाशी उभे राहता येते.

आमच्याकडे गावोगावची मंडळी येतात ती वर्गणीचे पुडके घेऊन. त्यांना हवा असतो निळा कोट, लाल टाय, हातात संविधान आणि वर उचललेले बोट. मातीच्या नमुन्यासमोर म्हातारी माणसे तासभर उभी राहतात आणि ‘चष्मा जरा खाली आलाय’ एवढेच सांगतात. ते बरोबर असते. अलीकडे मात्र मापे घेतानाच पहिला प्रश्न येतो, ‘जाळीसकट किती पडतील?’

करदाता

ओतशाळांनी विषय काढलाच आहे, तर बोलतो. जाळीत कोंडलेला महापुरुष हे मला या सगळ्यातले सर्वांत अपमानास्पद प्रतीक वाटते. ज्याने माणसांना मोकळे केले त्यालाच कुलूप लावायचे, आणि वर अभिमान बाळगायचा. शेजाऱ्यांवर एवढा अविश्वास असेल, तर पुतळा बसवायचाच कशाला?

खडू-फळा

इथे मात्र मला धागाकर्त्यांच्या बाजूला जाऊन बसावे लागेल. अपमानास्पद जाळी नव्हे, जाळी लावावी लागते ती परिस्थिती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातल्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे गेली. अर्धपुतळ्याच्या गळ्यातल्या एका माळेपायी! पुतळा म्हणजे नुसता धातू आणि फायबर असता, तर माळ घालणाऱ्यालाही ती घालावीशी वाटली नसती. मूर्तीचा अर्थ तिचा द्वेष करणाऱ्याला पुजणाऱ्याइतकाच नीट कळतो.

चैत्यवाट

आता जाळीची हकीकत ऐकाच. आमच्या गावचा पुतळा चुलत्यांनी सात वर्षे वर्गणी जमवून आणला. ऊसतोडीहून परतलेली माणसे उचलीतले उरलेले पैसे देत, आत्याने शेळी विकली. परवानगीसाठी एका कार्यालयाच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या, की तिथला शिपाई चुलत्यांना ‘पुतळेवाले’ म्हणू लागला. पुतळा बसला आणि पुढच्याच पावसाळ्यात कोणीतरी उचललेले बोट तोडले. जाळी आली, कुलूप आले आणि शांतता समितीच्या बैठकीत ठरले की किल्ली पोलीस पाटलांकडे राहील. दर १४ एप्रिलला सकाळी पाटलांच्या ओसरीवर जाऊन ‘किल्ली देता का’ म्हणून उभे राहायचे आणि ते आंघोळीला गेले असतील तर थांबायचे. चुलते पुतळे बसवून थकले नाहीत, त्या ओसरीवर थकले. अविश्वास कोणी कोणावर दाखवला हे करदाता महाशयांनी आपल्या दिवाणखान्यातून ठरवू नये.

करदाता

दिवाणखाना काढलात म्हणून सांगतो. माझ्या वडिलांचे तालुक्याच्या चौकात सायकल दुरुस्तीचे दुकान होते. चौकातल्या पुतळ्याची विटंबना झाली आणि चार दिवस संचारबंदी लागली. त्या चार दिवसांत दुकानातल्या अकरा सायकली जळाल्या, त्यांतल्या नऊ गिऱ्हाइकांच्या होत्या. वडिलांनी त्या पुढची तीन वर्षे भरून दिल्या. पुतळा पाहिला की मला तो धूर आठवतो, हा माझा दोष असेल तर असो. तरीही ओसरीवरची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ‘बसवायचाच कशाला’ हे वाक्य मी मागे घेतो. साडेचारशे फूट मात्र घेणार नाही.

चैत्यवाट

सायकली जाळणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण इंदू मिलच्या पुतळ्याला एक सोय आहे, त्याच्या बोटापर्यंत कोणाचा हात पोहोचणार नाही. आमच्या चुलत्यांना ती उंची याचसाठी आवडली होती; वर्तमानपत्रातले चित्र पाहून ते म्हणाले होते, ‘याला जाळी नको.’

ओतशाळा

हे माझ्या डोक्यात आले नव्हते. चेहरा दिसणार नाही, हे म्हणणे तरीही कायम.

खडू-फळा

चुलत्यांचे वाक्य मला निरुत्तर करते, पटवत नाही. ग्रंथालय पुतळ्याच्या आधी उघडले, तर मी वर्गातली ४० मुले घेऊन येईन आणि आपल्याला चहा पाजीन. तुमच्या गावच्या किल्लीचे पुढे काय झाले?

चैत्यवाट

चुलते गेले त्या वर्षी पोरांनी कुलूपच बदलले. पाटलांकडे जुनी किल्ली अजून आहे, ती लागत नाही हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. नवी आत्याच्या पदराला असते.