सहावी ते आठवीच्या मुलांना सुट्टीत वाचायला काय द्यावं?

मराठीच्या बाई

नमस्कार. सोलापुरात मिशनच्या एका शाळेत मी सहावी ते आठवीला मराठी शिकवते. 1 मेला निकालाबरोबर सुट्टीतल्या वाचनाची यादी मुलांच्या हातात द्यायची आहे. शाळा परत भरणार जूनच्या मध्यावर, म्हणजे सहा आठवडे मिळतात. ज्यांनी सोलापूरचा मे काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा 43 च्या घरात, सकाळी 11 ला रस्ते ओस पडतात ते उन्हं उतरेपर्यंत. पोरं घरातच असतात. वाचायला याहून चांगले दिवस वर्षात नाहीत, आणि गेल्या वर्षी ते मी वाया घालवले.

गेल्या वर्षी 10 पुस्तकांची यादी दिली होती. प्रत्येक पुस्तकावर एक पान लिहायचं: लेखक, सारांश, आवडलेलं पात्र, तात्पर्य. जूनमध्ये वह्यांचा गठ्ठा आला. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'वर, म्हणजे अमेरिकन शेतीशास्त्रज्ञ कार्व्हरच्या चरित्रावर, 11 मुलांनी लिहिलं होतं, आणि अकराही वह्यांत त्याच्या संस्थेचं 'टस्कीगी' हे नाव 'टक्सीगी' असं पडलं होतं. कुणाच्या तरी ताईची जुनी वही घरोघर फिरली होती. मला राग नाही आला. तात्पर्य लिहा म्हटल्यावर मुलं तात्पर्य कुठून तरी आणणारच.

त्याच गठ्ठ्यात कार्व्हरवरच आणखी एका मुलाचं दीड पान होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं. पुस्तक पुरं झालं नाही, असं त्यानं पहिल्याच ओळीत सांगून टाकलं होतं. पुढं फक्त लहानपणचा कार्व्हर होता: गुलामीत जन्मलेला, सतत आजारी असणारा, आणि आसपासच्या बायका आपली मरगळलेली रोपं ज्याच्याकडे आणून देत तो पोरगा. शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'बाई, झाडाला काय होतंय ते त्याला कसं कळायचं? आमची तुळस वाळायलीय.' सारांश नाही, पात्र नाही, तात्पर्य नाही. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मी 10 पैकी 4 गुण दिले आणि सही केली. ते अजून मनातून जात नाही.

दुसरी अडचण अशी. शाळा ख्रिस्ती आहे, पण वर्गात सगळी मुलं आहेत. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. पालकसभेत एका पाळकसाहेबांनी विचारलं की मिशनच्या शाळेच्या यादीत पवित्र शास्त्रातलं एकही पान कसं नाही. सभा संपल्यावर एक आई थांबली आणि हळूच म्हणाली, 'बाई, धर्माचं जबरदस्तीनं वाचायला लावणार नाही ना?' मला दोघांचंही म्हणणं पटतं. श्रद्धा असलेली माणसं हवीत, पण ती माणसं म्हणून भेटायला हवीत, धडा म्हणून नकोत.

कोणती पुस्तकं द्यावीत, आणि मुलांनी वाचलं हे मला कसं कळावं? तुमच्या घरात, वर्गात खरोखर घडलेलं सांगा.

शेंगाचटणी

बाई, आठवीला लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' द्याच. अख्खं नको, निवडक प्रकरणं. जाडी बघूनच मुलं पुस्तक खाली ठेवतात. माहेरच्या सोवळ्याओवळ्याची प्रकरणं घ्या, नंतर नारायण वामन टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले तो भाग घ्या. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून ही बाई कोसळते, काही वर्षं त्याच्यापासून वेगळी राहते, आणि 1900 ला स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेते. मधल्या वर्षांत तिच्या डोक्यात काय काय चाललं होतं ते ती झाकत नाही. त्या आईंची जी भीती आहे ना, तिचं उत्तर याच पुस्तकात आहे. इथं कुणी कुणाला ओढत नाही. माणूस कसा हळूहळू बदलतो ते दिसतं, आणि वाचताना हसूही फार येतं.

माझ्या मुलीला मी गेल्या मेमध्ये रोज दुपारी जेवणानंतर चार पानं वाचून दाखवली. पंधराव्या दिवशी ती माझ्याआधी पुढची पानं वाचून बसली होती. लक्ष्मीबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं हे कळल्यावर माझी अकरा वर्षांची मुलगी दिवसभर गप्प होती. संध्याकाळी विचारते, 'आई, तिला सासरी वाचायला कुणी शिकवलं?' नवऱ्यानंच, म्हटलं. तर म्हणाली, 'मग तो चांगला होता की वाईट?' मला एका शब्दात उत्तर देता आलं नाही.

मिरजेत शिकलेली

मी नर्स आहे. नर्सिंग मिरजेला केलं, आता सोलापुरातच असते. गवाणकरांचंच 'डॉ. आयडा स्कडर' यादीत असावं असं मनापासून वाटतं. आयडाचे वडील तमिळ मुलखात मिशनरी डॉक्टर होते. ती स्वतः मात्र तिथं राहायचं नाही असं ठरवून बसलेली. एका रात्री तीन वेगवेगळ्या घरचे पुरुष दारात आले. तिघांच्याही बायका अडलेल्या, आणि तिघांनाही पुरुष डॉक्टर चालणार नव्हता. आयडाला काहीच येत नव्हतं. सकाळपर्यंत तिघी गेल्या. त्यानंतर ती अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली, परत आली, आणि 1918 ला वेल्लोरला मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. आज वेल्लोरचं सीएमसी, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, म्हणतात ते तिनंच उभं केलं.

मी हे नववीत वाचलं. बाळंतपणातल्या मृत्यूचा भाग सहावीच्या मुलांना एकट्यानं वाचायला देऊ नका, आधी त्यांच्याशी बोला. आठवीला मात्र द्या, आणि मुलांनाही द्या, नुसत्या मुलींना नको. आमच्या वॉर्डात अजून असे नवरे येतात ज्यांना बायकोचा रक्तगट माहीत नसतो.

पूर्व भाग

बाई, मी सोलापूरच्याच पूर्व भागातला, घरात तेलुगू. शाळा मिशनचीच. पुस्तकांची नावं मी काय सांगणार, माझं वाचन कमी आहे. पण कसं वाचायचं याबद्दल एक सांगतो.

अम्मा विड्या वळायची. सुट्टीत दुपारी पत्र्याखाली बसवत नसे, म्हणून आम्ही शेजारच्या देवळाच्या ओवरीत जायचो. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं, तंबाखू, दोरा. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं पान मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या भरेपर्यंत तिचे डोळे सुपातून वर येत नसत. पण कान मोकळे असत. ती शाळेत गेली नव्हती. तेव्हा माझ्याकडं शाळेत वाटलेला छोटा नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, होता, घरातलं एकमेव गोष्टीचं पुस्तक तेच. मी मराठीत वाचायचो आणि तिला तेलुगूत सांगायचो.

एकदा उधळ्या पुत्राची गोष्ट वाचली. पोरगा वाटणी मागून घेतो, उडवतो, डुकरांमागं राबतो, परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो. अम्माची कात्री थांबली. म्हणाली, 'आणि त्याची आई कुठं होती?'

मी परत वाचलं. आई नाहीच त्या गोष्टीत. दुसऱ्या दिवशी वर्गात सरांना विचारलं. सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, 'तुझ्या आईला सांग, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.' मी घरी येऊन सांगितलं. त्या दिवसापासून अम्मा दुपारी सूप घेतलं की आधी मला हाक मारायची, पुस्तक घेऊन ये म्हणून. आम्ही आजही ख्रिस्ती नाही, पण ते पुस्तक माझ्या कपाटात आहे, पानांना तंबाखूचा वास आहे.

म्हणून म्हणतो, अहवाल मागू नका. मुलांना म्हणावं घरात कुणाला तरी वाचून दाखवा, आजीला, आईला, मागावर बसलेल्या बापाला, आणि ऐकणाऱ्यानं काय विचारलं तेवढंच लिहून आणा. ते कुणाच्या वहीतून उतरवता येणार नाही.

जुना वाचक

वरचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. थोडं व्यवहाराचं सांगतो.

पाळकसाहेबांसाठी: बायबलातली रूथ आणि योना ही पुस्तकं, दोन्ही चार-चार अध्यायांची. एका दुपारी एक होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मिळालं तर तेच घ्या, त्यातली मराठी मुलांना अडत नाही. ही पुस्तकं यादीत ठेवा, पण निवड मुलांची.

सातवीसाठी व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. दुष्काळी मुलखातली धनगरांची वाडी, तिथं आलेला कोवळ्या वयाचा मास्तर. पातळ पुस्तक आहे आणि आपल्याच बाजूचा मुलूख आहे. तुमच्या शाळेत बायबलातलं तेविसावं स्तोत्र, देवाला मेंढपाळ म्हणणारं, मुलांना पाठ असेल. ते म्हणताना मेंढपाळ त्यांच्या डोळ्यांसमोर कसा येतो ते विचारून बघा. बहुतेकांना नाताळच्या कार्डावरचा, पांढऱ्या झग्यातला आठवेल. सांगोल्याच्या रस्त्यावर घोंगडी टाकून, पाणी शोधत कळप हाकणारा माणूस मेंढपाळच असतो. माडगूळकर वाचले की त्या स्तोत्रातलं पाणी आणि हिरवं कुरण म्हणजे काय हे सोलापूरच्या मुलाइतकं कुणाला कळणार नाही.

पुस्तकं विकत घ्यायला लावू नका. हिराचंद नेमचंद वाचनालय आहेच. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत, 1971 पासूनचे.

मराठीच्या बाई

सगळ्यांचे आभार. पूर्व भाग, तुमचा प्रतिसाद मी आमच्या मुख्याध्यापिकांना वाचून दाखवला. त्यांनी तक्ता रद्द केला, तिथल्या तिथं.

यादी आता छोटी झाली आहे. तिन्ही वर्गांना मिळून आठ नावं, त्यातलं कुठलंही एक. सहावीला 'किशोर'चे अंक, रूथ, योना. सातवीला 'बनगरवाडी' आणि परत 'कार्व्हर', कारण चूक त्या पुस्तकाची नव्हती. आठवीला आयडा आणि 'स्मृतिचित्रे'ची निवडक प्रकरणं, शिवाय शांता शेळक्यांनी केलेला 'लिटल विमेन'चा अनुवाद 'चौघीजणी'. नाताळच्या सकाळी आपली न्याहारी उचलून गरिबाघरी नेऊन देणाऱ्या त्या चार बहिणी मला स्वतःला सातवीत भेटल्या होत्या, म्हणून तेवढा माझा हट्ट. जे निवडलं ते घरात कुणाला तरी रोज थोडं वाचून दाखवायचं. कुठल्या भाषेत समजावलं ते महत्त्वाचं नाही. जूनमध्ये एकच कागद आणायचा: कुणाला वाचून दाखवलं, आणि त्यांनी काय विचारलं. गुण नाहीत.

शेंगाचटणी

आणि ज्याच्या घरात दिवसभर कुणीच नसतं त्यानं काय करायचं? आई-बाप दोघं कामावर, अशी मुलं तुमच्याकडंही असतीलच.

मराठीच्या बाई

आहेत, बरीच आहेत. त्यांच्यासाठी आम्ही दोघी शिक्षिका मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी 8 ते 10 शाळेचं वाचनालय उघडणार आहोत. ऐकायला आम्ही बसू.

तुळशीचा प्रश्न विचारणारा तो मुलगा आता आठवीत जाईल. त्याची वही मी परत दिली नव्हती, माझ्याच कपाटात आहे. आज ती काढली. 4 खोडून काही होणार नाही, म्हणून तो तसाच ठेवला, आणि त्याच्या प्रश्नाखाली उत्तर लिहायला घेतलं: कार्व्हर पहाटे उठून रानात जायचा, एकटाच, प्रार्थना करायचा आणि झाडं निरखायचा. मग विचारलं, तुळस कुठं ठेवली आहे, पाणी रोज घालता की पाणी येईल त्या दिवशी, आणि मातीत बोट घालून बघितलंस का. निकालाच्या दिवशी वही त्याच्या हातात देईन.