जपानी 'रोमान पोर्नो' सिनेमात खरंच भावना असतात, का गोष्ट नुसती नावाला?

गोदाकाठ_नांदेड

नमस्कार मंडळी. विषय जरा अवघड आहे, मोठ्यांसाठीचा आहे, ज्यांना नको त्यांनी पुढं जावं, पण इथं सिनेमावर मोकळं बोलणारी माणसं आहेत म्हणून विचारायलो. मी मूळ नांदेडचा, सध्या संभाजीनगरला एमए करायलो. अजिंठा-वेरूळ फिल्म फेस्टिवलमुळं बाहेरच्या सिनेमाची गोडी लागली, मग ओझू, मिझोगुची, कुरोसावा असं करत करत ओशिमाच्या 'इन द रेल्म ऑफ द सेन्सेस'पाशी येऊन पोचलो. १९७६ चा. १९३६ साली टोकियोत साडा आबे नावाच्या बाईनं आपल्या प्रियकराचा जीव घेतला होता, त्या खऱ्या प्रकरणावरचा.

रूमवरचे दोस्त म्हणायलेत की कितीही मोठं नाव दिलं तरी शेवटी ती ब्लू फिल्मच. मला काही तसं वाटंना. त्यात एक जागा आहे, तिचा प्रियकर किचिझो रस्त्यानं मान खाली घालून चाललाय आणि समोरून सैनिकांची पलटण येतीये, लोक झेंडे हलवून त्यांना निरोप देतायत, सगळा देश एकीकडं चाललाय आणि हा एकटा माणूस भिंतीच्या कडेनं उलट्या दिशेनं त्या बाईकडं परत चाललाय. सीन एवढासाच आहे, अंगावरचे कपडे जागच्या जागी आहेत, पण त्या दोघांनी खोलीत स्वतःला का कोंडून घेतलंय ते मला तिथं कळलं.

तर प्रश्न असा की हा एकच सिनेमा असा आहे का? जपानमध्ये ह्या प्रकारचे, 'रोमान पोर्नो' म्हणतात ते, शेकड्यानं सिनेमे निघाले म्हणतात, त्यांच्यातही गोष्ट खरी असते का, का दोन सीनच्या मधली जागा भरायला टाकलेली असते? ज्यांनी बघितलंय त्यांनी सांगा.

गंगाखेडचा_रसिक

चांगला विचारलास प्रश्न. थोडं मागून सांगतो, नाहीतर हे सिनेमे आभाळातून पडल्यासारखे वाटतात.

जपानमध्ये १९५८ साली थिएटरात ११० कोटींच्या वर तिकिटं विकली गेली होती. मग घरोघरी टीव्ही आला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत थिएटरं ओस पडली. त्या धक्क्यात छोट्या निर्मात्यांनी कमी पैशात धीट सिनेमे काढायला सुरुवात केली, १९६२ चा सातोरू कोबायाशीचा सिनेमा त्यातला पहिला धरतात, त्यांना पिंक सिनेमा म्हणतात. निक्कात्सु ही १९१२ सालची जुनी नामांकित कंपनी, तीसुद्धा बुडायला आली तेव्हा १९७१ ला तिनं सगळा कारखानाच ह्या मार्गाला लावला, त्याचं नाव रोमान पोर्नो. १९८८ पर्यंत हजाराच्या वर सिनेमे काढले. अट काय, तर साधारण सत्तर मिनिटांचा सिनेमा, आठवडाभरात शूटिंग, आणि दर दहाएक मिनिटाला एक तसला सीन. एवढं पाळलं की बाकी गोष्ट काय सांगायची, कशी सांगायची त्यात कंपनी फारशी बोटं घालायची नाही. स्टुडिओ तेच, कॅमेरामन तेच, लाइटवाले, सेटवाले तेच, आयुष्यभर मोठ्या पडद्याचं काम केलेले कसलेले लोक. म्हणून त्यातला साधासुधा सिनेमाही दिसायला देखणा असतो.

आपल्याकडच्या तमाशाचं बघ. लोक तिकीट काढतात लावणीसाठी, फडमालकाला ते पक्कं माहीत असतं, पण शाहिराला जे म्हणायचं असतं ते तो वगात घालतो आणि लावणीला आलेला माणूस वग संपेपर्यंत उठत नाही. निक्कात्सुचं तेच झालं.

तात्सुमी कुमाशिरो नावाचा दिग्दर्शक होता, त्याचा १९७३ चा 'द वर्ल्ड ऑफ गेशा' बघ. साडेचार चटयांची म्हणजे छोटीशी एक खोली, एक गेशा म्हणजे नाचगाण्यानं मन रिझवणारी बाई, एक शौकीन माणूस. आणि मध्येच पडद्यावर त्या काळच्या पेपरातल्या बातम्यांची अक्षरं येतात, तांदूळ महागला म्हणून १९१८ साली जपानभर दंगली झाल्या, सैबेरियात फौजा चालल्या. त्यात एक तरणा सैनिक आहे, त्याचं एका गेशावर मन बसलंय, पण जेव्हा जेव्हा येतो तेव्हा त्याला बराकीत परतायची घाई. घाईत येतो, घाईत जातो, दोघांना नीट बोलायलाही सवड मिळत नाही. थिएटरात लोक त्याला हसतात, आणि तो पलटणीबरोबर निघाला की तेच हसू घशात अडकतं. मला विचारशील तर सरकारनं माणसाच्या आयुष्यातला वेळ कसा ओरबाडून घेतला हे एवढ्या जवळून दाखवणारे युद्धपट पण कमी आहेत.

सेलूची_लेक

काकांनी इतिहास छान सांगितला, पण मी दुसरी बाजू मांडते कारण ह्या चर्चेत ती कायम राहून जाते.

ह्या हजारभर सिनेमांतल्या बऱ्याच सिनेमांत बाईवर जबरदस्ती होते आणि तीच जबरदस्ती प्रेक्षकाच्या मजेसाठी दाखवलेली असते, पुढं जाऊन तीच बाई त्याच माणसावर भाळते असलं पण दाखवतात. त्याला कितीही देखणा कॅमेरा लावा, मी त्याला भावना म्हणणार नाही. लिहिणारे पुरुष, बनवणारे पुरुष, तिकीट काढणारे पुरुष. साची हामानो म्हणून एक दिग्दर्शिका आहेत, त्यांनी ह्याच धंद्यात राहून तीनशेच्या वर पिंक सिनेमे केले आणि बाईला काय हवंय ते बाईच्या बाजूनं दाखवायचं हे धरून ठेवलं, पण यादी काढायला बसलं की त्यांचं नाव कुणाला आठवत नाही, हे मला फार लागतं.

आता तरीही मी हे सिनेमे का बघते ते सांगते. चुसेई सोनेचा १९७९ चा 'एंजल गट्स: रेड क्लासरूम'. बघायला फार जड जातो, ज्यांना हिंसा सोसत नाही त्यांनी बघूच नये. मुराकी नावाचा माणूस, असल्याच मासिकाचा संपादक, त्याला एका चोरट्या फिल्ममध्ये एक बाई दिसते, नामी. तो तिला शोधून काढतो आणि ती सांगते की ते नाटक नव्हतंच, माझ्यावर खरंच अत्याचार झाला आणि तेव्हापासून ती फिल्म माझा पिच्छा सोडत नाही. ह्याला पहिल्यांदा कळतं की आपण रोज जे छापतो विकतो त्याच्या मागं कोण असतं. दोघांचं भेटायचं ठरतं, आणि नेमकं त्याच दिवशी त्याला पोलीस धरून नेतात. ती पावसात वाट बघत थांबते. थांबूनच राहते. तिला निरोप द्यायला कुणी नाही. काही वर्षांनी तो तिला परत शोधतो तेव्हा ती कुठल्या कुठं गेलेली असते आणि आता तिला कुणी वाचवावं असंही तिला वाटत नसतं.

तो सिनेमा बघणाऱ्यालाच विचारतो की तू इथं काय बघायला आलायस. त्याच कंपनीच्या पैशातून, त्याच थिएटरात. पण त्याच 'एंजल गट्स' सिनेमांच्या मालिकेत असेही सीन आहेत जे मी पुन्हा बघणार नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि मला त्यातलं एक पुसून दुसरं ठेवता येत नाही.

आणि भाऊ, तुमच्या आवडत्या ओशिमाच्या सिनेमाबद्दल एक. हिरो तात्सुया फुजीला पुढं कामं मिळाली, खुद्द ओशिमानंच १९७८ च्या सिनेमात त्याला परत घेतलं. साडाचं काम करणाऱ्या एइको मात्सुदाला मात्र जपानमध्ये लोकांनी एवढं टोचलं की ती शेवटी युरोपात राहायला गेली. काम दोघांनी सारखंच केलं होतं. भावना खरी का खोटी हे तोलताना हे पण तागडीत टाका.

उदगीर_७७

मला एक कळंना, भावनेसाठी एवढं सगळं बघायची गरजच काय, ओझू बघा ना, बाप-लेक ओट्यावर बसून चहा पितात तरी डोळ्यात पाणी येतं.

पैठण_वाचनकट्टा

उदगीरकर दादा, ओझूबद्दल एकदम मान्य, पण ही दोन दुकानं वेगळी नव्हती बरं का. मासायुकी सुओ, 'शॅल वी डान्स' वाला, त्याचा १९८४ चा पहिला सिनेमा पिंक होता आणि तो त्यानं अख्खा ओझूच्या पद्धतीनं काढला, कॅमेरा जमिनीलगत, माणसं सरळ समोर बघून बोलणार, लग्नाची गोष्ट, एकटा पडलेला बाप. योजिरो ताकिता तर वर्षानुवर्षं असलेच सिनेमे करायचा, त्यातले काही आज बघवणार नाहीत इतके वाईट विषय, आणि त्याच माणसाच्या 'डिपार्चर्स'ला २००९ साली परदेशी सिनेमाचं ऑस्कर मिळालं.

'डिपार्चर्स' मधला तो सीन आठवा. दाइगोला प्रेतांना आंघोळ घालून सजवायचं काम मिळालंय, पहिलंच प्रेत बरेच दिवस पडून राहिलेल्या म्हातारीचं. घरी येतो तर बायकोनं जेवणाला कोंबडी आणलेली, ते बघून त्याला उलटी येते, आणि मग तो बायकोला धरतो, तिच्या पोटाशी तोंड खुपसतो, तिच्या अंगाचा ऊबपणा चाचपत राहतो. ती गोंधळून जाते, तिला काय झालंय ते माहीतच नाही. मेलेलं शरीर हाताळून आलेल्या माणसाला जिवंत शरीर पाहिजे. एक शब्द नाही त्यात. हे असं बिनधास्त आणि तरीही हळवं दाखवायचा हात ताकिताला कुठून आला असेल? मला पक्कं वाटतं की शरीर बघून लाजायचं नाही आणि भ्यायचं नाही ही सवय त्याला त्या जुन्या कामातूनच लागली.

आणि शृंगारातून भावना येते का हा प्रश्न आपण तरी विचारू नये, आपण गोदावरीकाठची माणसं. हाल सातवाहनाची गाथासप्तशती, प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. तिच्यातली ती पाणपोईची गाथा घ्या. उन्हातून आलेला वाटसरू ओंजळीतली बोटं फाकवून पाणी पितो म्हणजे पाणी गळून जावं आणि नजर वर तिच्या तोंडाकडं लावून जास्त वेळ उभं राहता यावं, आणि ती पाणी ओतणारी पोरगी काय करते, तर आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. दोघांना दोघांचं कळलेलं आहे. एवढंच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी प्यालेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मी रोमान पोर्नो बघताना तीच गोष्ट शोधतो, की दिग्दर्शकानं धार बारीक केलीय का. दोघांपैकी एकाला दुसऱ्याजवळ आणखी थोडं थांबायचंय हे जिथं दिसतं तिथं मी गोष्टीत शिरतो. जिथं नुसती दहा मिनिटं भरली म्हणून सीन टाकलाय तिथं लगेच कळतं, माणसं अंगानं हलतात आणि चेहरे कोरे असतात. खोटं बोलत नाही, हजारातले बहुसंख्य ह्या दुसऱ्या जातीचेच आहेत. सेलूच्या ताई म्हणायल्यात ते पण शंभर टक्के, जिथं एकाला थांबायचंय आणि दुसऱ्याला पळायचंय तिथं धार-बिर काही नाही, तो गुन्हा आहे.

गोदाकाठ_नांदेड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगंल असं वाटलं नव्हतं. ताई, मात्सुदाचं मला माहीत नव्हतं, वाचून वाईट वाटलं. आता कुठून सुरू करू तेवढं सांगा, आणि जपानमध्ये ह्याला सरकारनं अडवलं नाही का?

गंगाखेडचा_रसिक

अडवलं की. त्यांच्या दंडसंहितेत १७५ नंबरचं कलम आहे अश्लीलतेचं. १९७२ ला पोलिसांनी निक्कात्सुवर छापे घातले, खटला चालला आणि १९८० पर्यंत लांबला, शेवटी सुटले. त्या भानगडीत जे लोक सापडले त्यांचं उमेदीतलं अर्धं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर गेलं. ओशिमानं म्हणूनच शूटिंग जपानात केलं पण फिल्म धुवायला फ्रान्सला पाठवली, निर्माता तिकडचा होता, म्हणजे कागदोपत्री सिनेमा फ्रान्सचा. तरी पटकथेचं पुस्तक फोटोंसकट छापलं म्हणून त्याच्यावर केस झालीच, तीही १९८२ पर्यंत चालली आणि तो सुटला. त्यानं कोर्टात उभं राहून अश्लील असेल तर असू दे, त्यात वाईट काय अशी बाजू धरली होती, हात जोडून ही कला आहे म्हणत बसला नाही. माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर आहे तो सिनेमाइतकाच ह्यासाठी.

आता क्रम. आधी कुमाशिरोचा १९७३ चा गेशांवरचा बघ. मग नोबोरू तानाकाचा १९७५ चा साडा आबेवरचाच, ओशिमाच्या एक वर्ष आधी, निक्कात्सुच्या सगळ्या अटी पाळून केलेला, साडाच्या कामात जुनको मियाशिता. बहुतेक सगळा सिनेमा एका खोलीत. लोक ओशिमाचं नाव घेतात पण मला तानाकाची साडा जास्त जवळची वाटते, ओशिमाची साडा एक विचार आहे, तानाकाची साडा एक बाई आहे जिला आता परत जायला घर नाही. पोरीचं आधीचं आयुष्य कसं गेलं ते तो दाखवतो, म्हणून शेवटी ती जे करते त्याचा नुसता धक्का बसत नाही, तिच्यासाठी जीव तुटतो. दोन्ही पाठोपाठ बघ, एकच खरी घटना दोन माणसांनी किती वेगळी वाचली ते दिसंल.

'रेड क्लासरूम' एकट्यानं, मन ठिकाणावर असेल तेव्हाच, आणि सेलूच्या ताईंचं म्हणणं आधी परत एकदा वाचून. २०१६ ला निक्कात्सुनं पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून पाच दिग्दर्शकांकडून जुन्या अटीवर नवीन पाच सिनेमे करून घेतले, त्यातला अकिहिको शिओताचा 'वेट वुमन इन द विंड' हलकाफुलका आहे आणि त्यात बाई कुणाच्या बापाला ऐकत नाही, तो आवडंल तुला. बाकीचे चार मला कोरडे वाटले, सवड असेल तर बघ नाहीतर राहू दे.