सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार): गहू बंद केला, तरी फेरिटिन ९ वरच का?

प्रश्न: वय ३४. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) ९. गहू बंद करून चार महिने झाले, लोहाच्या गोळ्याही चालू आहेत. टीटीजी-आयजीए (सीलिॲकसाठीची अँटिबॉडी रक्ततपासणी) आता निगेटिव्ह आलं, आतड्याची बायोप्सी झालेली नाही. मग सीलिॲक नाहीच का?

उत्तर १: या निगेटिव्हवरून काही ठरत नाही. गहू बंद केला की अँटिबॉडी उतरतात. डॉक्टरांशी बोलून रोज एकाहून जास्त जेवणांत गहू, असं किमान सहा आठवडे खाऊन परत तपासा. सोबत एकूण आयजीए (रक्तातल्या त्या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडी) हवंच. ते मुळात कमी असेल तर टीटीजी-आयजीए खोटं निगेटिव्ह येतं, मग डीजीपी-आयजीजी (आयजीएवर अवलंबून नसलेली दुसरी अँटिबॉडी तपासणी) करतात. बायोप्सी होईपर्यंत गहू सोडू नका.

उत्तर २: लोह मुख्यतः शोषलं जातं ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात), आणि सीलिॲकमध्ये नेमकं त्याचंच अस्तर खराब झालेलं असतं. गोळी चहासोबत नको, कॅल्शियमसोबतही नको. तरी आकडा हलेना तर शिरेतून लोह देतात. बी१२ न तपासता नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नका: रक्त सुधारल्यासारखं दिसतं, मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. डी जीवनसत्त्वही बघा.

उत्तर ३: निदान पक्कं झाल्यावर आधी हिंगाची डबी उलटी करून वाचा. बांधानी (मिसळ करून बनवलेल्या) हिंगात बहुधा मैदा असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. आणि गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी म्हणजे गहूच, घरघंटी बरी.