महामारीत परदेशी जायचं की नाही? सीमाभागातल्यांनो, तुमचं कसं ठरलं ते लिहा

टिळकवाडीची आजी (धागाकर्ती)

परवा पुतण्याला जर्मनीचं ॲडमिशन मिळालं. पेढे वाटता वाटता जाऊबाईंनी विचारलं, "परत कोरोनासारखं काय आलं तर गं?" झालं, रात्री बारापर्यंत तोच विषय. म्हटलं, धागाच काढावा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार, बिदर-भालकी, सगळीकडच्यांनी लिहा. गेलात, राहिलात, अडकलात, काहीही चालेल. लस चांगली की वाईट हा वाद इथं नको, सीमाप्रश्नही नको. (राज्यांच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यांचा विषय निघणारच, तेवढा चालवून घेऊ.) ठरवताना खरं वजन कशाला पडलं, एवढं सांगा. रोगाला घाबरून थांबलेले फार थोडे असतील असा माझा अंदाज आहे. बहुतेकांनी हिशेब केला तो परत येता येईल का, याचा.

सुरुवात माझ्यापासून. लेक इंग्लंडात, २०२१ च्या उन्हाळ्यात बाळंत व्हायची होती. २३ एप्रिलला त्यांनी भारताला रेड लिस्टमध्ये टाकलं. म्हणजे तिथला नागरिक किंवा रहिवासी नसेल त्याला प्रवेशच नाही. बाळंतपण जावयानं आणि यूट्यूबनं केलं. ८ ऑगस्टला भारत अंबर लिस्टमध्ये, म्हणजे मधल्या यादीत, आला आणि खरा पेच तेव्हा पडला. जाता येत होतं, पण आपल्याकडचे कोविशील्डचे दोन्ही डोस ते धरत नव्हते. दहा दिवस घरातच वेगळं राहायचं, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी टेस्ट. ज्या घरात तान्हं बाळ, त्याच घरात मी प्रवासातून येऊन कोंडून घेणार? ह्यांचं म्हणणं, थांब जरा. लेक म्हणाली, "आई, तू नुसती वरच्या खोलीत असलीस तरी मला झोप लागेल." गेले. अळिवाचे लाडू मी दाराबाहेर ठेवायचे, ती घेऊन जायची, आणि नातीला जिन्याच्या खालच्या पायरीवरून दाखवायची. ११ ऑक्टोबरपासून आपली लस त्यांनी मान्य केली आणि कोंडून घेणं संपलं. मी सप्टेंबरात गेले होते. पण पुढं असं होणार हे तेव्हा कुणाला ठाऊक?

निपाणीचा तंबाखू

माझं एम.एस.चं होतं, अमेरिका, फॉल २०२१. मे महिन्यात अमेरिकेनं भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातली, पण १ ऑगस्टनंतर कोर्स सुरू होणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट होती. म्हणजे दार उघडं होतं, फक्त दारापर्यंत पोचायचं होतं.

पहिली अडचण लसीची. मित्रानं बेळगावात कोवॅक्सिन घेतली होती. त्या लसीच्या चाचण्या झालेल्या केंद्रांपैकी एक बेळगावचंच, त्यामुळं आमच्याकडं तिचा जरा अभिमानही होता. पण त्याच्या युनिव्हर्सिटीला हवी होती ती जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता तिला ३ नोव्हेंबरला मिळाली, तोवर सेमिस्टर अर्धं सरलं होतं. माझी कोविशील्ड. पण दुसरा डोस ८४ दिवसांनी, आणि विमान त्याच्या आधी. जूनमध्ये नियम आला की शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्यांना २८ दिवसांनी देता येईल आणि सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर घालून मिळेल. आता हा नियम ज्यांनी राबवायचा त्यांच्यापर्यंत पोचायला हवा ना! लसीच्या काउंटरवरच्या बाईंनी आय-ट्वेंटी (व्हिसासाठी अमेरिकेतलं कॉलेज देतं तो कागद) उलटी-पालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हे कॉलेजचं ॲडमिशन झालं, पण बोनाफाईड कुठं हाय?" आप्पांनी मोबाईलवर सरकारी पत्रक काढून वाचून दाखवलं, तेही इंग्रजीतून, अडखळत. तेव्हा कुठं सुई मिळाली.

आणि आता नाका. मला विमानासाठी तीन दिवसांच्या आतली टेस्ट हवी होती, ते समजण्यासारखं होतं. पण आई-आप्पा मला मुंबईला सोडून घरी परतणार होते. जुलैअखेर कर्नाटकानं आदेश काढला की महाराष्ट्रातून येणाऱ्याचे दोन्ही डोस झालेले असले तरी ७२ तासांतला आरटीपीसीआर पाहिजे. मी चाललो अमेरिकेला, हे दोघं चालले निपाणीला, आणि नाकात काडी तिघांच्या! कोगनोळीच्या नाक्यावर रात्री दोन वाजता पोलिसानं त्यांचा रिपोर्ट टॉर्च मारून वाचला. तिकडं माझा रिपोर्ट मागितला विमान कंपनीच्या काउंटरवर, अमेरिकेत उतरल्यावर कुणी विचारलाही नाही.

ठरवताना आप्पा एवढंच बोलले होते, "एक वर्ष पुढं ढकललंस तर फी परत मिळणार हाय काय?" मिळणार नव्हती. संपला विषय.

अब्बांची लेक, कॅम्प

आमच्याकडं ठरवायला काही राहिलंच नाही. अब्बा-अम्मींचा नंबर २०२० च्या हजला लागला होता. २३ जूनला सरकारनं जाहीर केलं की यंदा भारतातून कुणी जाणार नाही, भरलेले पैसे कापून न घेता सगळ्यांना परत. पैसे आले. अब्बांनी ते वेगळे ठेवले, घराचं छत गळत होतं तरी हात लावू दिला नाही. २०२१ लाही सौदीनं आपल्याच देशातल्या लोकांना घेतलं. २०२२ ला उघडलं तर ६५ च्या आतलेच. अब्बा त्याच्या पुढं गेलेले. अम्मी बसत होत्या, पण एकट्या जायला तयार नाहीत. २०२३ ला वयाची अट निघाली तेव्हा दोघं गेले. छत त्याच्या पुढच्या पावसाळ्यात केलं.

खानापुरी वायरमन

सौदीत इलेक्ट्रिशियन होतो. बहिणीच्या लग्नाला २०२० च्या फेब्रुवारीत आलो आणि मार्चमध्ये विमानं बंद. तीन आठवडं म्हणता म्हणता वर्ष गेलं. लॉकडाऊनमध्ये भात लावलं, गवताच्या गंजी रचल्या, सगळं केलं. गावात आधी लोक लांबूनच बोलायची, "फॉरेनवरनं आलाय." नंतर तीच लोकं, "कधी जाणार गा परत?" हा प्रश्न जास्त लागायचा.

भारतातून थेट सौदीला सोडत नव्हते. तिसऱ्या देशात चौदा दिवस काढून जायचं. एजंटांनी त्याचं पॅकेजच केलं होतं: दुबईचं तिकीट, हॉटेल, टेस्ट, पुढचं तिकीट, सगळं मिळून. रक्कम ऐकून आईनं पदर तोंडाला लावला. सोसायटीचं कर्ज आधीच होतं, लग्नाचं. पण इकामा (तिथं राहायचा परवाना) होता, नोकरी होती, कफील, म्हणजे तिथला मालक, फोन करत होता. मित्र म्हणाला, जा. मामा म्हणाले, अजून दोन महिनं कळ काढ. बायको काय बोलली नाही, तिनं बांगड्या काढून दिल्या.

जानेवारी २०२१ ला दुबईत पोचलो. एका खोलीत आम्ही सगळे तसलेच. केरळचे, युपीचे, एक बिहारचा. चौदा दिवस संपायला आलेले, आणि सौदीनं जाहीर केलं की ३ फेब्रुवारीच्या रात्रीपासून वीस देशांतून प्रवेश बंद. यादीत भारत होताच, दुबईसकट सगळं अमिरातही होतं. खोलीत कुणी रडलं नाही की ओरडलं नाही. बिहारच्यानं स्टोव्हवरची डाळ उतरवली आणि म्हणाला, पहले खा लो. एजंटचा फोन दुसऱ्या दिवसापासून लागला नाही. काही दिवस तिथल्या आपल्या लोकांनी खायला-राहायला दिलं. भारतीय दूतावासानं सांगितलं, घरी परत जा.

परत आलो. सौदीच्या सरकारनं इकाम्याची मुदत पुढं फुकट वाढवून दिली हे खरं, त्यात त्यांना नावं ठेवणार नाही. १ डिसेंबरपासून थेट विमानाला परवानगीही मिळाली, माझा मेहुणा तसा गेला. मी तोवर खानापुरात मोटर रिवाइंडिंग चालू केलं होतं. मालदीवमार्गे जा म्हणून दुसरा एजंट आला होता. त्याला चहा पाजून पाठवला.

पासपोर्ट कपाटात

आमची युरोप टूर होती मे २०२० ची. पैसे भरलेले, व्हिसा झालेला. रद्द. टूरवाले म्हणाले क्रेडिट घ्या, विमानवाले म्हणाले क्रेडिट घ्या. १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं तिकिटांच्या पैशाबद्दल निकाल दिल्यावर विमानाचे आले. व्हिसाची फी गेली ती गेलीच. त्यानंतर गोव्याच्या पुढं गेलेलो नाही, आणि चोर्ला घाटातले खड्डे बघता गोवाही परदेशच.

मी येळ्ळूरकर

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मी मेलबर्नला असतो, पी.आर. (कायम राहायचा परवाना) आहे. बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगतो: मार्च २०२० ते १ नोव्हेंबर २०२१ ऑस्ट्रेलियातून *बाहेर पडायलाच* परवानगी लागायची. अर्ज करायचा, कारण द्यायचं, कागद जोडायचे. म्हणजे इकडं सगळे "ये" म्हणत असले तरी तिकडून सोडायला हवं.

एप्रिल २०२१. बेळगावात लोकसभेची पोटनिवडणूक १७ तारखेला झाली. प्रचारातल्या गर्दीचे व्हिडिओ गावच्या ग्रुपवर यायचे, आणि आठवड्याभरात त्याच ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" सुरू झालं. आप्पांना ताप आला. दोन दिवसांनी ऑक्सिजन ९० च्या खाली. धाकटा भाऊ बेडसाठी कुठं कुठं फिरला ते तो आजही नीट सांगत नाही.

मी परवानगीचा अर्ज टाकला आणि ती मिळाली. खरं सांगतो, मिळू नये असं मनात कुठं तरी वाटत होतं. मिळाल्यावर निर्णय माझा झाला. २७ एप्रिलला ऑस्ट्रेलियानं भारतातून येणारी विमानं थांबवली. मग ३ मेपासून आणखी कडक: मागच्या चौदा दिवसांत भारतात राहिलेला माणूस, मग तो त्यांचा नागरिक का असेना, परत आला तर गुन्हा. पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. १५ मेला तो आदेश संपला, पण संपेल की वाढेल हे त्या आठवड्यात कुणी सांगू शकत नव्हतं. इथं बायको, चार वर्षांची मुलगी, कंत्राटी नोकरी.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, येऊ नकोस. आलास तर तुला पहिल्यांदा कुठं ठेवू ते सांग. आप्पांच्या जवळ मलाच सोडत नाहीत." मी तिकीट काढलं नाही. आप्पा गेले. सदाशिवनगरच्या स्मशानात भावानं लांबून फोन धरला होता. पीपीई घातलेली माणसं दिसली, त्यातला भाऊ कुठला ते ओळखू आलं नाही.

गावात बोलणारे बोललेच. "थोरला आला न्हाई." चुलतकाका तर वर्षश्राद्धालाही बोलले. त्यांना नियम समजावण्यात अर्थ नव्हता, आणि नियम नसते तर मी गेलोच असतो का, याचं उत्तर माझ्याकडंही नाही. आई मात्र एकदाही बोलली नाही. मी प्रश्नाला उत्तर देतो: वजन मुलीचं पडलं.

टिळकवाडीची आजी

येळ्ळूरकर, तुमचं दोनदा वाचलं. कुणीही या प्रतिसादाखाली सल्ले देऊ नयेत ही विनंती.

सदाशिवगड

नवरा मर्चंट नेव्हीत, बल्क कॅरियरवर (धान्य, कोळसा असला सुटा माल नेणारी बोट). आमच्या कारवारकडं घरटी कुणीतरी दर्यावर असतंच. मार्च २०२० मध्ये त्याचा करार संपत आला होता. बंदरं माल उतरवून घेत होती, माणूस उतरू देत नव्हती. जगभर चार लाखांवर खलाशी असे अडकले होते म्हणे. वर्तमानपत्रात ते कितीव्या पानावर यायचं, बघा आठवतंय का. तुम्ही घरात बसून गहू-तांदूळ मागवत होता तो आणत होतं कोण?

तो बोटीवर, जमीन दिसतेय, नेटवर्क येतंय, व्हिडिओ कॉलवर मागं कुठल्या तरी शहराचे दिवे, आणि उतरायचं नाही. दोनदा "या बंदरात रिलीफ (बदली माणूस) मिळेल" म्हणाले, दोनदा बॅग भरून परत उघडली. शेवटी उतरला तो वर्षाअखेरीस, आणि मुंबईला क्वारंटाईन करून माजाळीच्या नाक्यावरून घरी. धाकट्यानं ओळखलं नाही, दाढीमुळं असेल.

२०२१ मध्ये कंपनीचा फोन आला, परत जॉईन होणार का? सासूबाईंचा साफ नकार. मी विचारलं, पगार किती महिन्यांनी थांबेल? हातात काय आहे? त्यावर जायचंच ठरलं, फक्त मी अट घातली, सहा महिन्यांच्या वरचा करार सही करायचा नाही आणि दोन्ही डोस झाल्याशिवाय बोट नाही. कंपनी आधी कुरकुरली, मग तयार झाली. अजूनही सहाच महिन्यांचा करतो. आत्ता सिंगापूरला आहे, गणपतीला उतरणार आहे. ज्यांच्या घरचं कुणी नव्यानं दर्यावर निघालंय त्यांनी करारातलं मुदत वाढवायचं कलम आधी वाचा. आमच्यात ते पहिल्या वेळी कुणी वाचलंच नव्हतं.