फायबर आल्यापासून लाइट गेली की लँडलाइन बंद

प्रश्न: कराडला आईकडे तांब्याची लाइन काढून फायबर बसवलं. आता लाइट गेली की फोन ठार. मोबाइल तिला जमत नाही. दादा दुबईला, त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येतात, कॉल काही लागत नाही. नेटवाले मुद्दाम अडवतात का?

उत्तर: दुबईत हो, मुद्दामच. परवाना नसलेलं नेट-कॉलिंग तिथे चालू देत नाहीत. बोटिम हे कॉलिंग अ‍ॅप चालतं, दोन्हीकडे टाका. आपल्याकडेही डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने नेट-कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं होतं. बोंबाबोंब झाली, मग गुपचूप मागे!

उत्तर: ताई, जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, ४८ व्होल्ट, तिथल्या बॅटऱ्यांवर. फायबरचा डबा मात्र घरच्या लाइटवर. राउटरचा मिनी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी, घ्या, पण आधी अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचा. डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागेल. कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या बेसलाही. हे दुकानदार कधी सांगत नाही.

प्रश्नकर्ती: एकच डबा आहे, १२ व्होल्ट, १ अँपिअर. फोन वायरचाच, जुना लाल. शनिवारी जातेच आहे, घेऊन जाते.