मदत हवी आहे: आईची कोव्हॅक्सिन, दोन ‘पहिले’ डोस आणि अमेरिका

28 ऑक्टोबर 2021

मंडळी, गुंता झालाय. हल्लीच कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

बहीण न्यू जर्सीत असते. पहिलंच बाळंतपण, डॉक्टरांनी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय. आई (वय 63, सातारा) जाणार हे घरात कधीच ठरलंय, व्हिसाही 2019 चा तयार आहे. अडलंय ते लशीवर.

मार्चमध्ये साठीवरच्यांना लस सुरू झाली तेव्हा ‘गर्दी ओसरू दे’ म्हणाली. एप्रिलमध्ये गेलो तर रोज साठा संपल्याची पाटी. शेवटी एकदा पहाटे पाचला रांगेत उभं राहून जी मिळाली ती घेतली, ती निघाली कोव्हॅक्सिन. मे महिन्यात राज्य सरकारने 18 ते 44 वाल्यांची कोव्हॅक्सिन पंचेचाळिशीवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवली, तेव्हा कुठे तिचा नंबर लागला.

अमेरिकेने 4 मेपासून भारतातून येणाऱ्यांवर घातलेली बंदी 8 नोव्हेंबरला उठतेय. पण पूर्ण लसीकरण हवं, आणि लस त्यांनी किंवा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली हवी. कोविशील्ड त्यात बसते. कोव्हॅक्सिनबद्दल परवा, 26 तारखेला, बैठक झाली आणि संघटनेने कंपनीकडे आणखी खुलासे मागितले. आता 3 नोव्हेंबरच्या पुढच्या बैठकीची वाट बघायची.

शेजारचे काका म्हणतात, दुसरा मोबाईल नंबर आणि आधारऐवजी पॅन कार्ड देऊन गुपचूप कोविशील्डचे दोन डोस घेऊन टाका. मला हे पटत नाही. आईला मधुमेह आहे, आणि दोन डोसांत 12 आठवडे सोडायचे तर बाळाचं बारसं होऊन जाईल! तिसऱ्या देशात 14 दिवस राहून जायची वाटही आता उपयोगाची नाही, कारण नवा नियम लशीवरच बोट ठेवतो.

आता खरी अडचण, आणि ती माझ्या घाईमुळे झालीय. दुसऱ्या डोसला केंद्र वेगळं होतं, तिथे जागेवरच नोंदणी करताना मी माझा मोबाईल नंबर दिला. परिणाम: दोन प्रमाणपत्रं, दोन्हींवर ‘पहिला डोस’. आईने दोन्ही लॅमिनेट करून आणलीत. शिवाय आधारवर नुसतं नाव-आडनाव, पासपोर्टवर मध्ये बाबांचं नाव. कोविनवर (लसीकरण नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) दोन पहिले डोस जोडायची सोय आहे, पासपोर्ट नंबर घालायचीही आहे. पण नावाची दुरुस्ती एकदाच करता येते, म्हणून बटणावर बोट ठेवून थांबलोय. आधी काय करू? नाव, जोडणी की पासपोर्ट?

संपादन, 31 ऑक्टोबर: प्रतिसादांबद्दल आभार. बहुतेकांचं म्हणणं आधी जोडणी, नाव सगळ्यात शेवटी. तसंच केलंय. ‘काकांचं ऐकू नका’ असं सात जणांनी लिहिलंय. काकांना दाखवलं, ते फुरंगटलेत.

संपादन, 4 नोव्हेंबर: काल कोव्हॅक्सिनला मंजुरी मिळाली! अमेरिकाही ती धरणार आहे. पहाटे साडेचारला बहिणीचा फोन आला, आई अभ्यंगस्नानाच्या तयारीतच होती. जोडणी झाली, अंतिम प्रमाणपत्रावर दोन्ही तारखा बरोबर आल्यात, पासपोर्ट नंबरही दिसतोय.

आता उरलं एवढंच. निघण्याआधी तीन दिवसांच्या आतला कोरोना चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट लागतो. विमान मुंबईहून रात्री दीडचं. तर हे तीन दिवस तारखेने मोजायचे की तासांनी? चाचणी साताऱ्यातच करून रिपोर्टवर पासपोर्ट नंबर घालून घेतला तर चेक-इनला चालतो का, की आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करूनच करावी? आईला एकटीला जायचंय आणि काउंटरवर इंग्रजीत वाद घालणं तिला जमणार नाही, म्हणून इतकं खोदून विचारतोय.