नववीच्या मुलांना पहिले चार शनिवार कॅमेरा हातात देऊ नये: मत हवं आहे

शनिवारची शाळा (धागाकर्ता)

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटची तयारी करून घेणं हे माझं मुख्य काम. गेली तीन वर्षं शनिवारची सकाळची शाळा सुटली की नववीतल्या मुलामुलींना दीड तास फोटोग्राफी शिकवतो. यंदा २२ जण आहेत. शाळेचे दोन आणि मित्रांनी दिलेले सहा, असे आठ जुने स्मार्टफोन आहेत, सिमकार्ड नसलेले.

माझी पद्धत अशी. पहिले चार शनिवार फोन कपाटात. पहिल्या शनिवारी वर्गाच्या सगळ्या खिडक्या पुठ्ठ्याने आणि काळ्या कागदाने बंद करतो आणि एका पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं लहान भोक पाडतो. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही, मुलं चुळबुळ करतात. मग डोळे सरावतात आणि समोरच्या भिंतीवर शाळेचं मैदान उमटतं, उलटं. आभाळ खाली, ध्वजस्तंभ टोकावर उभा, नळावर पाणी प्यायला निघालेली पाचवीतली पोरं छताला पाय लावून चाललेली. रंगांसकट आणि हलतं. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, ‘सर, प्रोजेक्टर कुठे लपवलाय?’ मग भोक मोठं करतो. चित्र उजळतं, पण कडा फिसकटतात. लहान करतो, तेव्हा रेखीव होतं, पण अंधुक. पुस्तकात ‘सूचिछिद्र प्रतिमाग्राहक’ म्हणून घोकलेली गोष्ट त्या दिवशी मुलं आतून बघतात.

दुसऱ्या शनिवारी खिडकीशी एकमेकांना बसवून नुसता चेहऱ्यावरचा उजेड बघायचा. तिसऱ्या शनिवारी आवारातल्या कडुनिंबाची सावली दर अर्ध्या तासाने वहीत काढायची. चौथ्या शनिवारी पोस्टकार्डाएवढी रिकामी चौकट घेऊन गावात फिरायचं आणि चौकटीबाहेर काय ठेवलं ते लिहायचं. पाचव्या शनिवारी फोन मिळतो आणि प्रत्येकाला आठवड्याला १२ फोटो. हा आकडा माझ्या वडिलांच्या आग्फा क्लिक थ्री या जुन्या रोल कॅमेऱ्याचा. त्या रोलवर १२च फोटो यायचे.

शाळा समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं आहे की पहिल्या दिवसापासून फोन द्या, स्पर्धेत बक्षीस येईल असं शिकवा. मला ते पटत नाही. यंत्राआधी उजेड दिसला पाहिजे, नाहीतर मूल आयुष्यभर यंत्र दाखवील तेवढंच बघेल. तुम्हाला काय वाटतं? विरोध असेल तर तोही स्पष्ट लिहा.

पायवाट

सर, अंधाऱ्या वर्गाचा प्रयोग फार सुंदर आहे, तो सोडू नका. पण पुढचे तीन शनिवार आणि १२ची मर्यादा, या दोन्हींना माझा विरोध आहे.

मी फोनवरच शिकलो आणि आज फोटो काढूनच पोट भरतो. रोल महाग होता, धुणं-छापणं महाग होतं, म्हणून तुमचे वडील १२ फोटो जपून काढायचे. ती टंचाई होती. तिला शिस्त हे नाव आपण नंतर दिलं. त्या काळी फोटो हातात यायला आठ-पंधरा दिवस जायचे, तोवर आपण नेमकं काय केलं होतं हेच आठवायचं नाही. जाणती माणसं म्हणून डायरी ठेवायची. आज प्रत्येक फोटोच्या पोटात वेळ, शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला होता) सगळं नोंदलेलं असतं. चूक करणं आणि ती डोळ्यांना दिसणं यातलं अंतर एका सेकंदावर आलंय. नवशिक्याच्या हातात याहून मोठं काय द्यायचं? आणि नेमकं तेच तुम्ही त्याच्याकडून काढून घेताय.

पहिल्याच दिवशी पळणाऱ्या मित्राचे ६० फोटो काढू द्या. ५८ वाया जातील. दोन का जमले, हे ती मुलं आपसात भांडून शोधून काढतील. शिवाय स्क्रीनवरची ग्रिड, म्हणजे उभ्या-आडव्या रेघांची जाळी, चालू करून तृतीयांशाचा नियम शिकवा: चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करायचे आणि मुख्य वस्तू त्या रेघांवर ठेवायची. सुरुवातीला धरायला काहीतरी लागतं.

स्टुडिओ बार्शी

माझा स्टुडिओ तीस वर्षांचा आहे. डार्करूममध्येही हात भिजवले आणि आता लग्नाचे अल्बम संगणकावर करतो. दोघांचंही अर्धं पटतं.

सर, उजेड बघायला चार शनिवार लागत नाहीत. एक खिडकी, एक पांढरं थर्मोकोल, एक दुपार. चेहरा खिडकीला काटकोनात बसवा, सावलीच्या बाजूला थर्मोकोल धरा, काढा, बघा, पुन्हा धरा. पोरं तासात शिकतात.

पण पायवाट, तुमच्या बोलण्यात एक मोठी गोष्ट सुटली. फोन काय करतो हे मुलाला कळतच नाही, कारण तो काम झाकून करतो. बहुतेक फोनांचं उजेड आत सोडणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर ठरलेलं असतं, कमीजास्त होत नाही. मागची पार्श्वभूमी धूसर दिसते ती हिशोब करून केलेली असते, म्हणून कानाशी उडालेले केस अर्धे पुसले जातात. रात्रीचा एक फोटो म्हणजे पाच-सात फोटोंची बेरीज असते. यात ‘मी काय केलं म्हणून हे झालं’ हा धागा तुटतो. तुमचे ६० फोटो बघून मूल काय शोधणार, फोनने काय ठरवलं तेच ना?

मी शिकाऊ पोरांना म्हशीपाशी नेतो. काळी म्हैस पूर्ण चौकटभर घ्यायची. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं जग मध्यम राखाडी आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि म्हैस राखाडी येते. मग धुतलेला पांढरा सदरा दोरीवर. तो मळका येतो, कारण आता मीटरने उजेड कमी केला. म्हशीला उजेड कमी करायचा आणि सदऱ्याला वाढवायचा, हे ऐकायला उलटं वाटतं. पण एकदा हाताने केलं की जन्मात विसरत नाही. एखादा जुना डीएसएलआर, म्हणजे सगळं हाताने ठरवता येणारा मोठा कॅमेरा, मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाला तर फोनवर बोट दाबून धरून सूर्याची खूण खाली ओढली तरी निदान म्हैस तरी काळी होते.

आणि ब्यूटी मोड पहिल्या दिवशी बंद करा. गावातल्या सावळ्या पोरींचे चेहरे फोन आपल्या मनाने उजळवतो. तेही न विचारता.

नववीची आई

मला या सगळ्यात एक गोष्ट कुठेच दिसली नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षी माझी मुलगी ऑफ तासाला बाकावर डोकं टेकून झोपली होती. वर्गातल्या एका मुलाने फोटो काढला आणि खाली एक वाक्य लिहून ग्रुपवर टाकला. वाक्य मी इथे लिहिणार नाही. दोन दिवसांत तो शेजारच्या शाळेत पोचला. ती आठवडाभर शाळेत गेली नाही, आणि अजूनही कोणी फोन वर उचलला की चेहरा फिरवते. शाळेने त्या मुलाला समज दिली, विषय संपला.

तुम्ही सगळे उजेडाबद्दल बोलताय. उजेड कुणावर पडलाय? दुसऱ्या शनिवारी एकमेकांचे चेहरे बघायचे, पाचव्या शनिवारी फोन. मधल्या कुठल्या शनिवारी ‘तुझा फोटो काढू का?’ हे विचारायला शिकवता? आणि समोरची ‘नको’ म्हणाली तर फोन खाली ठेवायला? हे शिकवणार नसाल तर माझं सरळ मत आहे, शाळेत फोटोग्राफी शिकवूच नका.

भौतिक मास्तर

माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं. वेगळा तास कशाला? सूचिछिद्र आहेच, दहावीत ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा सबंध धडा आहे. जे शिकवायचं ते विज्ञानाच्या तासाला होतं. दर शनिवारी दीड तास नववीच्या मुलांचा जातो, पुढच्या वर्षी बोर्ड आहे. ग्रामीण भागात गणिताला शिक्षक नसतात आणि आपण हे नवीन फॅड आणतो.

जुनी मुंबई

मास्तर, फॅड म्हणून वेळेचा मुद्दा मांडू नका. फ्रान्सच्या डागेरची फोटो काढायची पद्धत जगापुढे आली १८३९ मध्ये. बॉम्बेची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ची. आणि १८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले आणि पुढे मुंबईतले नावाजलेले छायाचित्रकार झाले. ज्या काळात काचेवर ओलं रसायन ओतून, ते वाळायच्या आत फोटो काढून धुवावा लागे, त्या काळात हे आपल्या मुलांना शिकवायच्या लायकीचं मानलं गेलं. परदेशात १९०० मध्ये कोडॅकने एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला, तोही मुलांसमोर ठेवून. मुलांच्या हातात कॅमेरा देणं सव्वाशे वर्षांचं जुनं आहे.

तुमच्या गणिताच्या शिक्षकाच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तो खरा आहे.

भौतिक मास्तर

‘फॅड’ हा शब्द मागे घेतो. वेळेचा मुद्दा कायम.

एक भर घालतो, कारण रसायनाचं नाव निघालं. वेगळा तास घ्यायचाच असेल तर सायनोटाइप करा. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं मिसळून कागदावर लावायची, अंधारात वाळवायचा, वर पिंपळाचं पान ठेवून उन्हात धरायचा. आपल्या उन्हात काही मिनिटांचं काम. मग साध्या पाण्यात धुतला की निळ्यावर पांढरं पान उरतं. हातमोजे घाला, आणि फेरिसायनाइडजवळ आम्ल किंवा आच नको. यात कोणाचाही चेहरा येत नाही, त्यामुळे वरच्या ताईंची काळजीही उरत नाही.

नववीची आई

सर, चेहरा टाळून माझा प्रश्न सुटत नाही. माझी मुलगी उद्या कोणाच्या तरी फोटोत असणारच आहे. विचारणं शिकवा एवढंच म्हणते.

शेवटचा बाक

मी दहावीत आहे, अशाच एका वर्गात होते. आमच्याकडे तिघांत एक फोन असायचा. दोन मुलगे आणि मी. फोन कोणाच्या हातात राहायचा ते सांगायला नको. मी चौकट शोधायची, बटण दुसऱ्याने दाबायचं. १२ची मर्यादा होती म्हणून निदान चार तरी माझ्या वाट्याला आले. मर्यादा नसती तर एकही आला नसता. पायवाट दादा, तुम्ही एकटे फोनवर शिकलात, म्हणून तुम्हाला हे दिसत नसेल.

पायवाट

हे खरंच माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझा फोन माझाच होता.

जुनी मुंबई

@शेवटचा बाक, होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापून यायचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींचे फोटो काढले होते, ते जरूर बघ. मैत्रिणीने काढलेत हे त्या मुलींच्या बसण्यावरून, हसण्यावरून कळतं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

शनिवारची शाळा (धागाकर्ता)

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की मी हे वर्षाच्या शेवटी, प्रदर्शनाच्या आधी सांगायचो. ‘ज्यांचे फोटो लावतोय त्यांना विचारून घ्या’ एवढंच. चूक माझी आहे. येत्या वर्षी दुसरा शनिवार याचा. खिडकीशी बसण्याआधी जोडीदाराला विचारायचं, आणि प्रत्येकाने निदान एकदा ‘नको’ म्हणायचं. ‘नको’ म्हणायची आणि ऐकायची दोन्ही सवय तिथेच लागावी. सावलीचा शनिवार मी घरच्या अभ्यासात टाकतो. म्हणजे बार्शीकर, चाराचे तीन झाले. थर्मोकोल आणि म्हैस दोन्ही घेतले.

तृतीयांशाच्या नियमाला मात्र माझा विरोध राहील. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांसंदर्भात तो मांडला. मुलांना ग्रिड दिली की २२ जणांच्या फोटोत झाड त्याच एका रेघेवर उभं राहतं, हे मी पहिल्या वर्षी भिंतीवर टांगून पाहिलंय. रिकामी चौकट घेऊन फिरलेली मुलं झाड कोपऱ्यात ढकलतात, मधोमध ठेवतात, अर्धं कापतात. धरायला काहीतरी लागतं हे मान्य, पण ते मुलाने स्वतः धरावं.

१२च्या बाबतीत पायवाट यांनी माझी झोप उडवली आहे. टंचाईला शिस्त म्हणालो हे खरं. म्हणून यंदा असं करून बघतो: ११ मुलं १२च फोटो काढतील. उरलेली ११ हवे तेवढे काढतील, पण शनिवारी त्यातले १२ निवडून आणतील, आणि निवडीचं कारण एकेका ओळीत लिहितील. फोन प्रत्येकाच्या हातात मोजून २० मिनिटं, घड्याळ लावून. दोन महिन्यांनी नावं झाकून सगळे फोटो एकत्र लावू.

पायवाट

कबूल. माझी पैज निवडणाऱ्या अकरांवर. काढण्यापेक्षा निवडताना जास्त शिकतो, हे मी सहा वर्षांनी शिकलो. एक विनंती, ते कारण चांगल्या फोटोंचं नको, टाकून दिलेल्यांचं लिहायला सांगा.

नववीची आई

आणि जे टाकून दिले ते कुठे जातात? डिलीट केलेला फोटो फोनच्या कचरापेटीत बरेच दिवस पडून असतो. पुढच्या मुलाच्या हातात तोच फोन जाणार आहे.

शनिवारची शाळा (धागाकर्ता)

हे मला सुचलंच नव्हतं. फोन घरी जाणार नाहीत, आठही शाळेच्या कपाटात राहतील, इंटरनेट बंद. तास सुटायच्या आधी ज्याचे फोटो त्याने माझ्यासमोर कचरापेटी रिकामी करायची. शेवटच्या बाकावरून लिहिणाऱ्या बाळा, तुला जमत असेल तर आमच्या शाळेतल्या मुलींसाठी तुझा अनुभव अर्ध्या पानात लिहून पाठव, तुझ्या नावाशिवाय वाचून दाखवीन.

स्टुडिओ बार्शी

माझ्याकडे एक जुना डीएसएलआर पडून आहे, शटर अधूनमधून अडतं पण चालतं. पाठवतो. म्हैस मिळाली का?

शनिवारची शाळा (धागाकर्ता)

शाळेमागच्या गोठ्यात दोन आहेत. मालकांना विचारलंय. सकाळी धार काढून झाल्यावर या म्हणाले.